कॅन्सरच्या इम्युनोथेरपीची गोळी का निघत नाही?

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार. त्यातल्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाचा नेहमीचा डोस २०० मिलिग्रॅम असतो. तापावर आपण पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतो, तिच्यातल्या औषधाच्या निम्म्याहूनही हे कमी. पण ती गोळी घोटभर पाण्याबरोबर घशाखाली जाते. या २०० मिलिग्रॅमसाठी मात्र दर तीन आठवड्यांनी शहरातलं हॉस्पिटल गाठावं लागतं, डे-केअरमध्ये खाट रिकामी व्हायची वाट बघावी लागते, शीर सापडावी लागते आणि अर्धा तास सलाईन लावून पडून राहावं लागतं. औषधाची कुपी कारखान्यापासून खाटेपर्यंत २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते. बिल लाखांत जातं. अशा वेळी नातेवाइकांनी विचारलंच, ‘याची गोळी नाही का मिळत?’ तर त्यात नवल काही नाही.

गोळी मिळत नाही. कुणी प्रयत्नच केले नाहीत, असं मात्र नाही. गेली दहा वर्षं अमेरिका, पोलंड, चीन आणि आपलं बंगळुरू अशा ठिकाणी त्यावर मन लावून काम चाललंय. त्यातलं बरंचसं फसलं आणि का फसलं हे बऱ्यापैकी कळलंही आहे. माझं मत आधीच सांगून ठेवतो: सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या औषधाची हुबेहूब नक्कल गोळीत उतरवायची, हा हट्टच या शोधाची कच्ची बाजू होती. गोळीने दुसरीकडे जायला हवं. कुठे, ते पुढे येईलच.

‘आता पुरे’ हा निरोप

आपल्या रक्तातल्या टी-पेशी शरीरभर हिंडून बाकीच्या पेशींची तपासणी करत असतात. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि टी-पेशी ते चाचपून बघते. अनोळखी तुकडा सापडला तर हल्ला. संसर्ग आटोक्यात आल्यावर हा हल्ला थांबायलाही हवा, नाहीतर शरीर स्वतःच्याच जिवावर उठेल. म्हणून टी-पेशींच्या अंगावर ‘आता पुरे’ हा निरोप घेणारी काही प्रथिनं असतात. त्यांना चेकपॉइंट म्हणतात.

त्यांपैकी पीडी-१ हे प्रथिन १९९२ साली क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. सीटीएलए-४ या दुसऱ्या चेकपॉइंटला अडवलं तर उंदरांमधल्या गाठी विरघळतात, हे अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी दाखवलं. त्यातून निघालेल्या इपिलिमुमॅबला २०११ साली मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका घातक कॅन्सरसाठी, अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१४ साली पीडी-१ ला अडवणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब आली. होंजो आणि ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

गाठीतल्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन आपल्या अंगावर भरपूर उगवतात. टी-पेशी जवळ आली की तिच्या पीडी-१ ला हे पीडी-एल१ जाऊन चिकटतं. त्यासरशी पीडी-१ चं टी-पेशीच्या आत लोंबणारं टोक बदलतं आणि तिथे एसएचपी-२ हे एन्झाइम येऊन बसतं. टी-पेशीच्या आत ‘हल्ला’ हा संदेश फॉस्फेटच्या छोट्या गटांच्या रूपात प्रथिनाप्रथिनांवर लावलेला असतो. एसएचपी-२ ते गट पटापट काढून टाकतं. संदेश पुसला जातो आणि टी-पेशी गाठीच्या दारात पोचूनही गप्प बसते. एसएचपी-२ हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

अँटिबॉडीचं बळ तेच तिचं दुखणं

आजची सगळी मान्यताप्राप्त चेकपॉइंट औषधं अँटिबॉडी आहेत. अँटिबॉडी म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं एक भलंमोठं प्रथिन. तिचं वजन सुमारे दीड लाख डाल्टन असतं (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). गोळीतल्या नेहमीच्या औषधाचा रेणू ५०० डाल्टनच्या आतबाहेर असतो. एवढं मोठं प्रथिन गिळलं तर पोट त्याचं तेच करेल जे ते वरणातल्या डाळीचं करतं. म्हणून ते शिरेतूनच द्यावं लागतं. ते बनवायलाही रसायनशाळा पुरत नाही. हॅमस्टरच्या पेशी मोठाल्या स्टीलच्या टाक्यांत वाढवायच्या, त्यांच्याकडून ते प्रथिन बनवून घ्यायचं आणि मग एकामागून एक पायऱ्यांनी शुद्ध करायचं.

पण एकदा रक्तात गेली की अँटिबॉडी ठाण मांडून बसते. पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निवोलुमॅबचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. टी-पेशींवर तर ती त्याहून जास्त टिकते. निवोलुमॅबच्या ३९ रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात एका डोसनंतर सुरुवातीला सरासरी ८५ टक्के पीडी-१ व्यापलं गेलं होतं. मग ते प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावलं आणि ५७ दिवसांनंतरही तसंच होतं. दरम्यान रक्तातलं औषध बरंच ओसरलेलं होतं.

याचा एक अर्थ परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी नीट ओळखला. एवढ्याशा औषधाने पीडी-१ भरून जात असेल, तर ठरलेला मोठा डोस खरंच लागतो का? तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला होता, अशा १५१ जणांवर त्यांनी तिसऱ्या टप्प्याची चाचणी घेतली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची तीन औषधं दिली. दुसऱ्या गटाला तीच तीन, शिवाय दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. म्हणजे हिशेब केला तर हा त्याचा अठरावा भाग झाला. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. या चाचणीत पूर्ण डोसचा तिसरा गट नव्हता, त्यामुळे कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला असं त्यावरून म्हणता येत नाही. पण निवोलुमॅब अजिबात न मिळण्यापेक्षा तो कितीतरी बरा, हे स्पष्ट दिसलं. ज्या राज्यात मिश्री, गुटखा आणि मावा यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या रांगा लावल्या आहेत, तिथे या आकड्यांचं मोल निराळं सांगायला नको.

गोळी बनवणाऱ्यांना याच गोष्टीचा वचक वाटायला हवा होता. त्यांची स्पर्धा दोन महिने जागा न सोडणाऱ्या औषधाशी होती.

या चिकाटीचीच दुसरी बाजू म्हणजे साइड इफेक्ट. टी-पेशी मोकाट सुटल्या की कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर, यकृतावर किंवा थायरॉइडवर तुटून पडतात. क्वचित हृदयाच्या स्नायूवरही, आणि ते जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टर औषध थांबवतात, पण ‘थांबवलं’ म्हणजे पुढची सलाईन लावली नाही इतकंच. आधी दिलेली अँटिबॉडी अंगातून बाहेर काढता येत नाही. स्टेरॉइड देऊन टी-पेशींना दाबत बसावं लागतं.

याचं एक फार बोलकं उदाहरण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आहे. ईजीएफआर या जनुकात बिघाड असेल तर ओसिमर्टिनिब ही गोळी देतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०१९ साली जुन्या नोंदी तपासल्या. आधी पीडी-१ किंवा पीडी-एल१ ची अँटिबॉडी आणि नंतर ओसिमर्टिनिब असा क्रम झालेल्या ४१ रुग्णांपैकी ६ जणांना गंभीर त्रास झाला होता. दोन्हींमधलं अंतर तीन महिन्यांपेक्षा कमी असलेल्यांमध्ये हे प्रमाण आणखी वर गेलं. उलट क्रमात, म्हणजे गोळी आधी आणि अँटिबॉडी नंतर, असा प्रकार दिसला नाही. थांबवलेली अँटिबॉडी अंगात शिल्लक होती आणि नव्या गोळीशी तिची गाठ पडली, हे त्याचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण. दोन दिवसांत अंगातून निघून जाणारं चेकपॉइंट औषध असतं, तर हा गुंता बराचसा टळला असता.

गोळी हवी म्हणणाऱ्यांचा हा माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. घरी बसून घेता येते वगैरे सोय ठीकच आहे, पण गरज पडेल तेव्हा औषध खरंच थांबवता येणं ही निराळी गोष्ट झाली. इथे एक सावधगिरीही हवी. एकदा पेटलेला टी-पेशींचा हल्ला औषध गेल्याबरोबर विझतोच असं नाही. थायरॉइड एकदा गेलं की बहुतेकदा ते गेलंच. पुढे आयुष्यभर सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन.

सपाट पृष्ठभागाची अडचण

आता रसायनशास्त्राकडे वळू. गोळीतली बहुतेक औषधं प्रथिनाच्या एखाद्या खोल खळग्यात जाऊन बसतात. ब्लड कॅन्सरवरच्या इमॅटिनिबचं काम असंच चालतं. ज्या खळग्यात एटीपी हा ऊर्जेचा रेणू यायचा, तिथे इमॅटिनिब जाऊन बसतं आणि एन्झाइम बंद पडतं. खळगा खोल असला की छोट्या रेणूला चहूबाजूंनी पकड मिळते.

पीडी-१ आणि पीडी-एल१ जिथे एकमेकांना भेटतात, तिथे असा खळगा नाही. माणसाच्या या दोन प्रथिनांच्या जोडीची त्रिमितीय रचना २०१५ साली पोलंडमधल्या क्राकूवच्या शास्त्रज्ञांनी मांडली, तेव्हा हे साफ दिसलं. दोन्ही बाजू जवळजवळ सपाट, आणि स्पर्शात झाकली जाणारी जागा सुमारे १,९७० चौरस अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. ऐकायला ही जागा क्षुल्लक वाटेल, पण ५०० डाल्टनच्या रेणूला ती व्यापणं अशक्य. अँटिबॉडी स्वतःच मोठी असल्याने तिला सपाटीवर सपाट बसायला काहीच अडचण नसते. छोटा रेणू मात्र तिथे टिकतच नाही.

रेणू मोठा करावा, तर दुसरं दुखणं सुरू होतं. फायझर कंपनीतल्या क्रिस्टोफर लिपिन्स्की यांनी १९९७ साली तोंडाने घेता येणाऱ्या औषधांसाठी एक ढोबळ नियमावली मांडली. रेणूचं वजन ५०० च्या आत असावं, तो फार तेलकट नसावा, वगैरे. त्यापलीकडे गेलं की आतड्यातून रक्तात शिरणं अवघड होतं. नियमाला अपवाद आहेत. व्हेनेटोक्लॅक्स हे ८६८ डाल्टनचं औषध गोळी म्हणून मिळतं आणि तेही दोन प्रथिनांची गाठभेट तोडतं. पण त्याच्या प्रथिनावर निदान एक खोबण तरी आहे.

म्हणून ब्रिस्टल मायर्स स्क्विब या कंपनीचे, पीडी-एल१ ला अडवणाऱ्या छोट्या रेणूंवरचे पेटंट अर्ज २०१५ साली बाहेर आले, तेव्हा या क्षेत्रातल्यांना आश्चर्य वाटलं. हे जमलं कसं? पेटंटात रेणू होते, पण ते प्रथिनावर नेमके कुठे बसतात याचं चित्र नव्हतं. ते काम २०१६ साली क्राकूवच्या यागिएलोनियन विद्यापीठात ताडेउश होलाक यांच्या गटाने केलं. बीएमएस-२०२ हा ४२० डाल्टनच्या आसपासचा रेणू पीडी-एल१ बरोबर स्फटिकात बांधून त्यांनी त्याची रचना काढली.

चित्र अनपेक्षित निघालं. हा रेणू एका पीडी-एल१ वर बसतच नाही, तो दोन पीडी-एल१ एकत्र आणतो. दोघांचे पीडी-१ ला भेटणारे पृष्ठभाग समोरासमोर येतात, त्यांच्यामध्ये एक लांबट बोगदा तयार होतो आणि रेणू त्या बोगद्यात जाऊन बसतो. खळगा मुळात नव्हताच. रेणूने दोन सपाट पृष्ठभाग जोडून तो घडवला. दोन तळहात नमस्कारासाठी जुळले की दुसऱ्या कुणाशी हस्तांदोलन करायला मोकळे राहत नाहीत, तसंच इथे होतं. जुळलेलं पीडी-एल१ पीडी-१ ला भेटू शकत नाही. पुढे असंही दिसलं की असे काही रेणू दिल्यावर जुळलेलं पीडी-एल१ पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढलं जातं. म्हणजे निरोप देणारं प्रथिन झाकलं जातं आणि वर जागेवरून हलवलंही जातं. अँटिबॉडीच्या कामाची ही पद्धत नाही. औषध शोधणाऱ्यांच्या गेल्या काही वर्षांतल्या कामगिरीत ही मला फार सुंदर वाटते.

पण अडचणी लगेच पुढे उभ्या राहिल्या. हे रेणू माणसाच्या पीडी-एल१ ला धरतात, उंदराच्या नाही. कॅन्सरच्या औषधाची पहिली परीक्षा उंदरावर होते, तेव्हा इथे आधी माणसाचं पीडी-एल१ जनुक बसवलेले उंदीर तयार करावे लागतात. ते महाग पडतं आणि वेळही जातो. शिवाय परीक्षानळीत, नुसत्या दोन शुद्ध प्रथिनांच्या प्रयोगात अगदी थोड्या प्रमाणात काम करणारे रेणू जिवंत पेशींच्या प्रयोगात कितीतरी पट जास्त लागायचे. पकड घट्ट करायला रसायनतज्ज्ञ रेणूला शेपट्या जोडत गेले. पुढच्या पिढीचा बीएमएस-११६६ असाच ६४० डाल्टनच्या वर गेला आणि लिपिन्स्कींची रेघ मागे पडली.

बंगळुरूचा रेणू

मानवी चाचणीत सर्वांत आधी उतरलेला रेणू मात्र या घराण्यातला नव्हता. डॉ. रेड्डीजच्या ऑरिजीन या बंगळुरूच्या कंपनीने वेगळी वाट धरली होती. पीडी-१ च्याच एका छोट्या तुकड्याची नक्कल करायची, ती तोंडाने घेता येईल इतकी लहान करायची, असा तो मार्ग. त्यातून सीए-१७० तयार झालं. अमेरिकेच्या क्युरिस कंपनीबरोबर करार झाला आणि २०१६ साली पहिल्या रुग्णाला डोस मिळाला. पुढे भारतातही रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. पीडी-एल१ बरोबरच व्हिस्टा या आणखी एका चेकपॉइंटलाही तो अडवतो असा दावा होता.

२०१९ साली क्राकूवच्याच गटाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: सीए-१७० हा पीडी-एल१ चा जोरकस अवरोधक आहे की नाही? न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्ससह अनेक पद्धती वापरूनही त्यांना हा रेणू पीडी-एल१ ला थेट चिकटताना दिसला नाही. ऑरिजीनच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली आपली बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं की हा रेणू पीडी-१ आणि पीडी-एल१ यांना वेगळं करतच नाही; तो दोघांबरोबर तिघांची जोडणी बनवतो आणि त्या जोडणीतून निरोप पुढे जात नाही. म्हणून जोडी तुटते का हे तपासणाऱ्या प्रयोगात तो दिसणार नाही.

कोण बरोबर, हे मी ठरवणार नाही. पण औषध नेमकं कुठे बसतं यावर दोन प्रयोगशाळांचं एकमत नसताना ते रुग्णांपर्यंत पोचलं होतं, याची नोंद घ्यायला हवी. बेकायदा त्यात काही नाही, नियामक सुरक्षितता आणि परिणाम बघतात. पण डोस किती द्यायचा, कुणाला द्यायचा, परिणाम कमी पडला तर रेणूत काय बदलायचं, ही सगळी उत्तरं त्या एका माहितीवर अवलंबून असतात. ती डळमळीत असेल तर पुढची प्रत्येक पायरी डळमळते. सीए-१७० ला औषध म्हणून मान्यता मिळाली नाही.

अमेरिकेतला दुसरा प्रयत्न

दोन पीडी-एल१ जुळवणाऱ्या घराण्यातला सर्वांत पुढे गेलेला रेणू अमेरिकेतल्या इन्साइट कंपनीचा, आयएनसीबी०८६५५०. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात सगळी साखळी दाखवलेली होती: पीडी-एल१ जुळतं, आत ओढलं जातं, टी-पेशी जाग्या होतात. काही रुग्णांच्या गाठी खरोखर लहान झाल्या. तोंडाने घेतलेल्या रेणूने हे होऊ शकतं याचा तो पुरावा होता.

पण हातापायांच्या मज्जातंतूंना त्रास झालेले रुग्णही दिसले. मुंग्या, बधिरपणा अशी लक्षणं. पीडी-१ च्या अँटिबॉडीत हा त्रास विरळा. कंपनीने तो रेणू मागे ठेवून त्याचे दोन भाऊ पुढे आणले आणि २०२४ साली तोंडावाटेच्या पीडी-एल१ चा सगळा कार्यक्रमच गुंडाळला. जिलियड या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा रेणूही पहिल्या टप्प्यापुढे सरकला नाही. चीनमध्ये काही कंपन्यांचं काम अजून चालू आहे.

मूळ अडचण अशी की गोळीचं औषध रक्तात चढतं आणि उतरतं. सकाळी घेतली, दुपारी भरपूर, पहाटे ओसरलेली. इकडे गाठीत टी-पेशी लढू लागल्या की त्यांच्यातूनच इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सुटतं आणि त्याच्या इशाऱ्यावर कॅन्सरपेशी आणखी पीडी-एल१ बनवतात. म्हणजे औषध जितकं लागू पडेल तितकं त्याचं लक्ष्य वाढत जातं. पहाटेच्या ओहोटीतही ते सगळं झाकायचं तर डोस चढवावा लागतो, आणि डोस चढवला की रेणू शरीरात भलत्याच ठिकाणीही पोचतो. अँटिबॉडी फक्त आपल्या लक्ष्यालाच धरते. चारपाचशे डाल्टनचा तेलकट रेणू तेवढा सोवळा नसतो.

याच इन्साइटला त्याआधी याहून मोठा फटका बसला होता, तोही छोट्या रेणूमुळेच. गाठी आयडीओ-१ या एन्झाइमने आसपासचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवतात आणि टी-पेशींना उपाशी ठेवतात, तेव्हा हे एन्झाइम बंद करावं, अशी कल्पना. एपॅकॅडोस्टॅट ही गोळी पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर दिल्यावर छोट्या चाचण्यांत मेलानोमाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. पण त्या चाचण्यांत तुलनेला दुसरा गटच नव्हता. मग ७०६ रुग्णांची मोठी चाचणी झाली. आजार न वाढता गेलेला मधला काळ गोळीसह ४.७ महिने, गोळीविना ४.९ महिने. एप्रिल २०१८ मध्ये हा निकाल आला आणि त्या पाठोपाठ इतर कंपन्यांनीही आयडीओ-१ वरच्या मोठ्या चाचण्या आवरत्या घेतल्या. कॅन्सरच्या बातम्यांत ‘निम्म्या रुग्णांना फायदा’ असं वाचलं की तुलनेचा गट होता का, एवढं एकच विचारावं.

पेशीच्या आत

अँटिबॉडीला पेशीच्या आत जाता येत नाही. छोट्या रेणूला जाता येतं. मग पृष्ठभागावरच्या सपाट जागेवर कपाळमोक्ष करून घेण्यापेक्षा आत जाऊन निरोप पुसणाऱ्या एन्झाइमलाच का धरू नये? गोळीची खरी जागा तिथे आहे असं मला वाटतं.

एसएचपी-२ हा त्यातला पहिला उमेदवार. अशी एन्झाइमं फॉस्फेट काढायचं काम करतात, आणि फॉस्फेटवर विद्युतभार असल्याने त्याला धरणारा त्यांचा खळगाही उलट भाराचा असतो. तिथे बसेल असा रेणू स्वतः भारित लागतो, आणि भारित रेणू पेशीच्या तेलकट आवरणातून आत जात नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं या एन्झाइमांना औषध लागू करणं अशक्य मानलं जायचं. २०१६ साली नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी एसएचपी-२ ला त्या खळग्यात न शिरता, दुसऱ्याच फटीत रेणू बसवून मिटलेल्या अवस्थेत अडकवून दाखवलं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ॲबव्ही आणि कॅलिको या कंपन्यांनी ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांसह त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. पीटीपीएन-२ आणि पीटीपीएन-१ ही एसएचपी-२ च्याच नात्यातली एन्झाइमं. त्यांच्या नेमक्या त्या भारित खळग्यातच बसणारा, तरीही तोंडाने घेता येणारा रेणू त्यांनी बनवला. उंदरांमध्ये त्याने दुहेरी काम केलं. टी-पेशी जास्त तडफदार झाल्या आणि कॅन्सरपेशी इंटरफेरॉनच्या माऱ्याला जास्त बळी पडू लागल्या. पीडी-१ ला हात न लावता हे झालं. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. याच धर्तीवर एचपीके-१ आणि सीबीएल-बी या टी-पेशींच्या आतल्या प्रथिनांवरही अनेक कंपन्यांचे रेणू चाचण्यांत आहेत.

धोका इथेही आहे, कदाचित जास्त. पीडी-१ मुख्यतः लढून दमलेल्या टी-पेशींवर ठळक असतं, त्यामुळे त्याला अडवलं तरी परिणाम काहीसा मर्यादित राहतो. ही आतली एन्झाइमं सगळ्याच टी-पेशींत असतात, काही तर शरीरभर. त्यांना बंद केल्यावर कोण कोण जागं होईल, हे मोठ्या चाचण्या झाल्यावरच कळेल.

गोळी म्हणजे स्वस्त?

आपल्याकडे हा समज फार पक्का आहे आणि त्याला कारण इमॅटिनिब. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च एक लाखाच्या वर होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आसपास. छोट्या रेणूची नक्कल करणं आपल्या कंपन्यांच्या हातचा मळ आहे. अँटिबॉडीची नक्कल करायला जिवंत पेशी लागतात आणि बनलेलं प्रथिन मूळ औषधासारखंच वागतं हे सिद्ध करत बसावं लागतं.

पण किंमत उतरली ती पेटंटचा अडसर नसल्याने. पेटंट चालू असलेली कॅन्सरची नवी गोळीही सामान्य घराला झेपत नाही. दरम्यान अँटिबॉडीवालेही स्वस्थ बसलेले नाहीत. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये ॲटेझोलिझुमॅब, डिसेंबरमध्ये निवोलुमॅब आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब यांच्या त्वचेखाली द्यायच्या इंजेक्शनना मान्यता मिळाली. अर्ध्या तासाची सलाईन काही मिनिटांवर आली. त्यात टाटासारखे कमी डोसचे प्रयोग धरा. म्हणजे नुसत्या सोयीच्या किंवा बचतीच्या जोरावर गोळीला जागा मिळवायची, तर ती जागा दिवसेंदिवस आक्रसतेय. पटकन थांबवता येणं आणि पेशीच्या आत शिरता येणं, या दोन गोष्टी मात्र इंजेक्शनला कधीच जमणार नाहीत.

घरात रुग्ण असेल तर दोन-तीन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. पीडी-१ किंवा पीडी-एल१ ला अडवणारी कोणतीही मान्यताप्राप्त गोळी हा लेख लिहीपर्यंत बाजारात आलेली नाही. बीएमएस-२०२ सारखे रेणू इंटरनेटवर विकत मिळतात, पण ते प्रयोगशाळेसाठीची रसायनं म्हणून. त्यांच्या शुद्धतेची तपासणी माणसाच्या वापरासाठी झालेली नसते. अमुक काढा किंवा कॅप्सूल पीडी-एल१ कमी करते, अशा दाव्यांमागे बहुधा काचेच्या बशीतल्या पेशींवरचा एखादा प्रयोग असतो.

तोंडावाटे घ्यायच्या अशा एखाद्या औषधाची चाचणी आपल्याकडे चालू आहे का, हे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतं. तिथे चाचणीचा टप्पा आधी बघावा. पहिला टप्पा असेल, तर किती डोस झेपतो हे तपासणं हाच तिचा मुख्य हेतू असतो. गाठ लहान होईल का, हा प्रश्न त्यानंतरचा. संमतिपत्रात हे लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते मराठीत मागावं आणि घरी नेऊन वाचावं.